छोटी जुनी केस, नोकरी आणि बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन (इंदूर)

राजेंद्रनगरकर
नमस्कार मंडळी. भाच्यासाठी माहिती हवी आहे, आणि ऐकीव नको, कागदावर टिकेल अशी हवी.

वय 24, बीकॉम. 2021 मध्ये गल्लीतल्या भांडणात चौघांवर कायमी झाली (गुन्हा नोंदला गेला), भादंवि कलम 323, 294, 506 आणि 34. त्याच दिवशी ठाण्यातून मुचलक्यावर सोडलं. चालान (दोषारोपपत्र) लागलं, दोन वर्षांनी राजीनामा होऊन प्रकरण संपलं. आता सुपर कॉरिडॉरवरच्या एका कंपनीचं ऑफर लेटर हातात आहे, पण रुजू होण्याआधी बॅकग्राउंड चेक आहे. फॉर्मात तीन प्रश्न आहेत. कधी दोषी ठरलात का? एखादी फौजदारी केस चालू आहे का? कधी अटक झाली आहे का?

घरचे म्हणतात तिन्हीला 'नाही' लिही. मित्र म्हणतो सगळं पहिल्याच दिवशी सांगून टाक. नेमकं काय लिहायचं? आणि ज्यांची केस कोर्टात दंड भरून संपली त्यांचं काय, तेही कुणी सांगितलं तर इथल्या बऱ्याच घरांना उपयोग होईल.

वकील_स्नेहलतागंज
काका, आधी कागद. फॉर्म त्यानंतर भरायचा. "केस संपली" हे तोंडी ऐकलेलं असतं, आणि ती कशी संपली यावरच तीनपैकी दोन उत्तरं अवलंबून आहेत.

पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी एक खुलासा. आपल्याकडच्या कोर्टात 'राजीनामा' म्हणजे दोन्ही पक्षांतली तडजोड. कंपनीचं एचआर पुण्यात बसत असेल तर आदेशातलं "राजीनामा के आधार पर दोषमुक्त" वाचून त्यांना वाटतं, मुलाने कुठली तरी नोकरी सोडली. म्हणून हिंदी आदेशाबरोबर नोटरीकडून प्रमाणित केलेलं इंग्रजी भाषांतर जोडायचं.

आता आदेशात शेवटी कोणता शब्द आहे ते पाहा. 'दोषमुक्त' म्हणजे निर्दोष सुटका. 'उन्मोचित' म्हणजे आरोप ठेवण्याआधीच सोडलं. 'दोषसिद्ध' म्हणजे दोषी ठरवलं, मग शिक्षा पाचशे रुपये दंडाची का असेना. चालानच लागलं नसेल आणि पोलिसांनी खात्मा किंवा खारिजी (केस बंद करण्याचा अहवाल) लावली असेल, तर ती कोर्टाने मंजूर केल्याचा आदेश हवा. ठाण्याने खात्मा पाठवला एवढं पुरत नाही.

राजीनाम्याचा कायदेशीर परिणाम निर्दोष सुटकेचाच आहे. जुन्या सीआरपीसीच्या (फौजदारी प्रक्रिया संहिता) कलम 320(8) मध्ये तसं स्पष्ट लिहिलं होतं, आता ते तिच्या जागी आलेल्या बीएनएसएसच्या (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) 359 मध्ये आहे. त्यामुळे "दोषी ठरलात का?" या प्रश्नाला 'नाही' हे खरं उत्तर आहे आणि ते बिनधास्त लिहा.

पण दोन गोष्टी तपासल्याशिवाय नाही. पहिली, राजीनामा प्रत्येक कलमाचा वेगळा असतो. 323 आणि 506 मध्ये फिर्यादी तडजोड करू शकतो. 294 चं काय झालं, ते आदेशात वेगळं शोधा. कधी कधी दोन कलमांत राजीनामा मंजूर होतो, तिसरं कलम चालूच राहतं, आणि घरच्यांना वाटतं सगळं मिटलं. दुसरी, चौघांपैकी एखादा पेशीवर (कोर्टाच्या तारखेला) येत नसेल आणि त्याच्यावर वॉरंट असेल, तर त्याच्यापुरती फाइल जिवंत राहते आणि ऑनलाइन स्थितीत केस 'प्रलंबित' दिसते, कधी चौघांच्या नावासकट. असं असेल तर तुमच्या मुलापुरता आदेश झाल्याची प्रमाणित प्रत हाताशी लागेलच.

तिसरा प्रश्न अटकेचा. इथे जवळजवळ प्रत्येक जण चुकतो. "ठाण्यातूनच सोडलं, जेल पाहिला नाही, म्हणजे अटक नाही", असं नसतं. जामीनपात्र गुन्ह्यात आधी अटक दाखवतात आणि मग ठाण्यातच मुचलक्यावर सोडतात. ती अटकच. त्याऐवजी फक्त नोटीस दिली असेल (तेव्हाचं 41-ए, आताचं बीएनएसएस 35(3)), तर अटक झालेली नाही. हे आठवणीवर सोडू नका, चालानात गिरफ्तारी पंचनामा आहे का ते पाहा.

लोकमान्यनगर_ताई
वकीलसाहेब, हे कागद मिळवायचे कसे? बाहेर बसलेले दलाल भलतेच पैसे सांगतात.

वकील_स्नेहलतागंज
ताई, दलालाची गरज नाही. आधी मोबाइलवर ई-कोर्ट्स ॲप किंवा वेबसाइट उघडा. राज्य मध्य प्रदेश, जिल्हा इंदूर, मग न्यायालय संकुल. शोध एफआयआर क्रमांकाने करा: ठाणा, अपराध क्रमांक, वर्ष. तो माहीत नसेल तर पक्षकाराच्या नावाने, पण मग वर्ष टाकावं लागतं आणि 'प्रलंबित' व 'निकाली' दोन्ही रकाने वेगवेगळे पाहावे लागतात. केस सापडली की 16 अक्षरांचा सीएनआर क्रमांक लिहून ठेवा. पुढे सगळीकडे तोच चालतो.

मग जिल्हा न्यायालयाच्या प्रतिलिपी शाखेत, लोक तिला नकल शाखा म्हणतात, अर्ज द्यायचा. अर्जात केस क्रमांक, न्यायालयाचं नाव, निकालाची तारीख आणि कोणत्या कागदाची नकल हवी ते नेमकं लिहा. "संपूर्ण फाइल" लिहिलंत तर पैसेही वाढतात आणि वेळही. राजीनाम्याच्या केसमध्ये बहुतेक वेळा लांबलचक निर्णय नसतोच, त्या तारखेच्या ऑर्डरशीटवरच आदेश असतो. म्हणून 'निर्णय' मागितला की "उपलब्ध नाही" असा शेरा मारून अर्ज परत येतो. मागायचं ते असं: राजीनाम्याच्या तारखेची ऑर्डरशीट, चालानाचं पहिलं पान, गिरफ्तारी पंचनामा. निकाल जुना असेल तर फाइल रेकॉर्ड रूममध्ये गेलेली असते, मग थोडे दिवस जास्त लागतात. प्रत्येकी दोन प्रमाणित प्रती एकदमच घ्या.

वेबसाइटवरून उतरवलेला पीडीएफ माहितीपुरता ठीक. व्हेरिफिकेशनला शिक्क्याची प्रतच द्या.

पिथमपूर_एचआर
कंपनीकडून काय होतं ते लिहितो, म्हणजे भीती थोडी कमी होईल.

खासगी कंपनी बॅकग्राउंड चेकचं काम बाहेरच्या एजन्सीला देते. फॉर्मात दिलेला सध्याचा पत्ता, कायमचा पत्ता, शिक्षण, आधीची नोकरी आणि कोर्ट रेकॉर्ड एवढं त्या पाहतात. पोलिसांच्या सीसीटीएनएस यंत्रणेत (गुन्ह्यांच्या नोंदींचं संगणक जाळं) एजन्सीला शिरता येत नाही. त्यांची माणसं कोर्टांच्या उघड्या नोंदींतच नाव, वडिलांचं नाव आणि पत्ता जुळवत बसतात. पोलीस व्हेरिफिकेशन हवंच असेल तर उमेदवाराला स्वतः ठाण्याकडून चरित्र प्रमाणपत्र आणायला सांगतात. एफआयआरही लपून राहत नाही, कारण 2016 च्या सुप्रीम कोर्टाच्या आदेशापासून संवेदनशील प्रकरणं सोडून बाकीचे एफआयआर पोलीस वेबसाइटवर टाकावे लागतात.

रिपोर्ट रंगात येतो. हिरवा म्हणजे साफ, पिवळा म्हणजे विसंगती किंवा शंका, लाल म्हणजे गंभीर. निर्दोष सुटलेली 323 ची केस उमेदवाराने आधीच सांगितली असेल तर ती साधारण पिवळ्यात येते, कागद पाहून मॅनेजर सही करतो आणि माणूस रुजू होतो. तीच केस फॉर्मात 'नाही' लिहून नंतर सापडली, तर रिपोर्टवर "माहिती लपवली" असा शेरा पडतो. मग गल्लीतली मारामारी बाजूला राहते आणि खोट्या माहितीचाच मुद्दा होतो. ऑफर लेटरमध्ये त्यासाठी वेगळं कलम असतं: माहिती खोटी आढळल्यास नोटीस न देता सेवा समाप्त. हे कलम सहा महिन्यांनी, वर्षाने सुद्धा लावता येतं, आणि रिलिव्हिंग लेटरवर कारण आलं की पुढची नोकरीही अडते.

आणखी एक, फार महत्त्वाचं. रिपोर्ट यायला साधारण दोन-तीन आठवडे लागतात, आणि बऱ्याच कंपन्या त्याआधीच रुजू करून घेतात. म्हणून हातातली नोकरी सोडण्याआधी एचआरला ईमेल करा: बॅकग्राउंड चेक पूर्ण झाल्याचं लेखी कळवा, त्यानंतर मी राजीनामा देतो. (हा मराठीतला राजीनामा.) यात कुणी वाईट मानत नाही.

मित्राच्या सल्ल्याबद्दल: पहिल्या मुलाखतीत, कुणी विचारलेलं नसताना, केसची हकिगत सांगायची गरज नाही. आपल्याकडे खासगी नोकरीसाठी असं आपणहून सांगण्याचं बंधन घालणारा सर्वसाधारण कायदा नाही. विचारलं की मात्र खरं. योग्य वेळ म्हणजे ऑफर आल्यानंतर आणि बॅकग्राउंड चेकच्या कन्सेंट (संमती) फॉर्मवर सही करण्याआधी.

क्लॉथमार्केट_इंदूर
दंड भरून केस संपली असेल तर? दिवाळीत पत्त्यांवर धाड पडते, 13 जुआ एक्ट लागतो. पोरं कोर्टात जाऊन जुर्म कबूल करतात, दंड भरतात आणि घरी येतात. ते तर ट्रॅफिकच्या चालानासारखंच झालं ना?

वकील_स्नेहलतागंज
नाही दादा, आणि याच गैरसमजाने सगळ्यात जास्त नुकसान होतं. जुर्म कबूल करून कोर्टाने दंड केला म्हणजे दोषसिद्धी झाली. "न्यायालय उठने तक का कारावास" आणि वर पाचशे-हजार दंड, तीही दोषसिद्धीच. जुआ एक्ट 13, आबकारी (दारूचा कायदा) 34 किंवा 36, साधी मारामारी, सगळीकडे हेच. फॉर्मात "दोषी ठरलात का?" विचारलं तर उत्तर 'हो'.

सिग्नल तोडल्याचं किंवा हेल्मेटचं चालान जागेवर किंवा ऑनलाइन भरलं तर ते शमन शुल्क, त्यात दोषसिद्धी नाही. पण दारू पिऊन गाडी चालवणं, मोटार वाहन कायद्याचं 185, जागेवर मिटत नाही. ते कोर्टातच जातं, पहिल्या वेळी दहा हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. ड्रायव्हरच्या नोकरीत हे फार अडतं.

ज्यांची केस अजून चालू आहे त्यांना हात जोडून सांगतो, एका पेशीत मोकळं व्हायच्या घाईत जुर्म कबूल करू नका. पुढे अपीलही जवळजवळ बंद होतं, कारण कबुलीवर झालेल्या शिक्षेत फक्त शिक्षेचं प्रमाण आणि कायदेशीरपणा यावरच बोलता येतं. त्याआधी तीन वाटा बघा.

गुन्हा तडजोडयोग्य असेल तर राजीनामा. तो रोजच्या पेशीवरही होतो आणि नॅशनल लोकअदालतीतही, ती वर्षातून चारदा भरते. लोकअदालतीत फक्त तडजोडयोग्य फौजदारी प्रकरणंच चालतात, म्हणून कलम आधी तपासा. जुआ-आबकारीत फिर्यादी सरकार असतं, तिथे राजीनामा कुणाशी करणार?

गुन्हा तडजोडयोग्य नाही पण खासगी भांडणातला आहे आणि समोरच्याशी समेट झाला आहे, तर हायकोर्टाच्या इंदूर खंडपीठात बीएनएसएस 528 खाली (जुनं 482) रद्द करण्याची याचिका. 2012 च्या ग्यान सिंग निकालानंतर ही वाट पक्की झाली. गंभीर गुन्ह्यांना ती मिळत नाही.

आणि दोषी ठरणं टळतच नसेल, तर शिक्षेवर ऐकताना वकिलाने प्रोबेशन मागायचं. प्रोबेशन ऑफ ऑफेंडर्स ॲक्ट 1958: कलम 3 म्हणजे ताकीद देऊन सोडणं, कलम 4 म्हणजे चांगल्या वागणुकीच्या बंधपत्रावर सोडणं. फायदा कलम 12 मध्ये आहे, दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागू होत नाही. मर्यादाही समजून घ्या. अपात्रता जाते, दोषसिद्धी पुसली जात नाही, म्हणून फॉर्मात 'हो' लिहून पुढे "प्रोबेशनवर सोडलं, कलम 12 लागू" असं लिहायचं. आदेशात कलम 12 चा उल्लेख तेव्हाच करून घ्या. कलम 11 प्रमाणे अपिलाचं कोर्टही प्रोबेशन देऊ शकतं. मॅजिस्ट्रेटच्या निकालावर सत्र न्यायालयात अपिलाची मुदत 30 दिवस, उशीर झाला असेल तर माफीचा अर्ज कारणासकट.

वकील परवडत नसेल तर जिल्हा विधिक सेवा प्राधिकरणाचं कार्यालय जिल्हा न्यायालयातच आहे. महिला, अनुसूचित जाती-जमाती, कोठडीतली व्यक्ती यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत. फोन 15100.

सुदामानगर_गजानन
सीआरपीसीच्या कलम 151 चं काय? गणपती-अनंत चतुर्दशीच्या सुमाराला बऱ्याच मुलांवर 107, 116 लावून बाउंड ओव्हर करतात, म्हणजे शांतता राखण्याचं बंधपत्र घेतात.

वकील_स्नेहलतागंज
ती प्रतिबंधक कारवाई आहे. गुन्ह्याचा खटला नाही, त्यामुळे दोषसिद्धीचा प्रश्न येत नाही. 107 आता बीएनएसएस 126 झालंय, 116 चं 135, 151 चं 170. इंदूरात डिसेंबर 2021 पासून पोलीस आयुक्त प्रणाली आहे, म्हणून या फाइली जिल्हा न्यायालयात सापडत नाहीत. एसीपी-डीसीपी दर्जाचे अधिकारीच कार्यपालक दंडाधिकारी म्हणून त्या चालवतात. नकल तिथूनच घ्यायची, आणि बंधपत्राची मुदत कधी संपली ते त्यावर दिसायला हवं.

खासगी फॉर्मात बहुधा हे विचारलेलंच नसतं. केंद्र सरकारच्या अटेस्टेशन फॉर्मात मात्र एकेक शब्द वेगळा आहे: कधी अटक, खटला, नजरकैद, बंधपत्र, कोर्टाचा दंड, दोषसिद्धी. त्यातला 'बंधपत्र' म्हणजेच हे बाउंड ओव्हर. आणि 151 मध्ये तर प्रत्यक्ष अटक असते. तिथे 'नाही' लिहिलं की लपवणूक झाली.

माजी_आस्थापना_लिपिक
सरकारी नोकरीचं वेगळं सांगायला हवं, कारण खासगीचे नियम तिथे लावून मुलं फसतात.

मूळ निकाल म्हणजे अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार, सुप्रीम कोर्ट, 2016, तीन न्यायमूर्ती. त्याचं सार असं. दिलेली माहिती खरी हवी. लपवलेली बाब अगदी किरकोळ असेल, जसं तरुण वयात दिलेल्या घोषणा किंवा क्षुल्लक गुन्हा, तर नियोक्ता ती लपवणूक माफ करू शकतो. करावीच असं नाही. खरं सांगितलं तरी नियोक्त्याला उमेदवाराची पार्श्वभूमी तपासायचा अधिकार राहतो, नेमणूक करायची सक्ती नाही. आणि फॉर्मात जे नेमकं विचारलं आहे तेवढंच सांगणं बंधनकारक, न विचारलेल्या गोष्टीवरून "लपवलं" म्हणता येत नाही.

गणवेशाच्या नोकरीत माप आणखी कडक आहे. मध्य प्रदेश पोलिसातल्या भरतीच्याच एका प्रकरणात उमेदवाराने केस जाहीर केली होती, नंतर राजीनाम्याने ती संपलीही. तरी अपात्र ठरवणं 2018 मध्ये सुप्रीम कोर्टाने योग्य मानलं. म्हणून पोलीस किंवा केंद्रीय दलाची तयारी करणाऱ्याने दुसऱ्या परीक्षांचे फॉर्म सोबत भरत राहावं. लिपिक, शिक्षक, तांत्रिक पदांत किरकोळ केस खरी सांगितलेली असेल तर निवडीनंतर फाइल पुढे सरकायला बरीच जागा असते.

अटेस्टेशन फॉर्म भरून दिल्यावर नवीन केस झाली तर तीही लेखी कळवायची, हे त्या फॉर्मच्या वरच्या सूचनेत छापलेलं असतं. ती सूचना बहुतेक जण वाचत नाहीत.

राजेंद्रनगरकर
मनापासून आभार. आता ठाण्याचं. ई-कोर्ट्सवर केस 'निकाली' दिसते. तरी चरित्र प्रमाणपत्रात काही येईल का?

एमजीरोड_सायबर
येऊ शकतं. अर्ज मध्य प्रदेश पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर करायचा, आधार, पत्त्याचा पुरावा आणि फोटो जोडून. तो राहत्या ठाण्याला जातो, बीटचा शिपाई घरी येतो, ठाण्यात गुन्हे रजिस्टर आणि सीसीटीएनएस दोन्ही बघतात. आणि इथेच घोटाळा होतो. ठाण्याने चालान लावल्याची नोंद केलेली असते, कोर्टात पुढे काय झालं ते परत भरलं जात नाही. मग दोन वर्षांपूर्वी निर्दोष सुटलेल्याच्या नावापुढे "प्रकरण न्यायालयात विचाराधीन" छापून येतं.

म्हणून प्रमाणपत्राचा अर्ज करण्याआधी, ज्या ठाण्यात कायमी झाली त्या ठाण्याच्या टीआय साहेबांच्या (ठाणे प्रभारी) नावे साधा अर्ज द्या. विषय: अपराध क्रमांक अमुक, न्यायालयाचा अंतिम निकाल नोंदवण्याबाबत. सोबत प्रमाणित ऑर्डरशीटची झेरॉक्स, मूळ दाखवायला हातात. दुसऱ्या प्रतीवर मुंशीकडून (ठाण्यातला लेखनिक) तारीख आणि शिक्क्यासह पोच घ्या. पोच दिली नाही तर तोच अर्ज स्पीड पोस्टने टीआय आणि झोनच्या डीसीपी कार्यालयाला. राहतं ठाणं आणि कायमीचं ठाणं वेगळं असेल तर दोन्हीकडे. महिनाभरात हललं नाही तर 181 वर सीएम हेल्पलाइनची तक्रार, किंवा 10 रुपयांचा माहिती अधिकार अर्ज: "अपराध क्रमांक अमुकच्या न्यायालयीन निकालाची सीसीटीएनएसमध्ये नोंद कधी झाली?" उत्तराची मुदत 30 दिवस. अर्ज आला की नोंद बहुधा होऊनच जाते.

निर्दोष सुटका झाली तरी केसचा उल्लेख प्रमाणपत्रात राहू शकतो. पुढे "दोषमुक्त" आणि तारीख असेल तर काम होतं. नोंद मुळातूनच पुसून टाकणारा सर्वसाधारण कायदा आपल्याकडे नाही, तेव्हा "रेकॉर्ड साफ करून देतो" म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.

पिथमपूर_एचआर
नावांबद्दल एक भर, कारण मराठी घरांत ही अडचण खास येते. आपण पूर्ण नावात मधे वडिलांचं नाव लिहितो. इथल्या कोर्टात "अमुक पिता तमुक निवासी" असं असतं. आडनावाचं इंग्रजी स्पेलिंगही हिंदी उच्चारावरून टाकलेलं, कुठे 'जाधव' कुठे 'जादव'. त्यामुळे दोन्ही बाजूंनी चुका होतात. स्वतःची केस नेहमीच्या स्पेलिंगने सापडत नाही आणि माणूस समजतो की नोंदच नाही. उलट दुसऱ्याच कुणाची केस सारख्या नावामुळे आपल्या रिपोर्टवर चिकटते. असं झालं तर एचआरकडून त्या केसचा क्रमांक मागा, चालानाच्या पहिल्या पानावरचं वडिलांचं नाव, वय, पत्ता वेगळा असल्याचं दाखवा, आणि "सदर प्रकरणातील आरोपी मी नाही" असं नोटरी शपथपत्र द्या. रिपोर्ट दुरुस्त होऊन येतो. एजन्सीला हे करावंच लागतं, कारण चुकीचा लाल शेरा त्यांच्याही अंगावर येतो.

खुलाशाचं पत्र एका पानाच्या आत असावं. मजकूर साधारण असा:

"ठाणा … येथे अपराध क्रमांक …/2021, कलम 323, 294, 506, 34 भादंवि अन्वये माझ्यासह चौघांवर प्रकरण नोंदले गेले होते. त्या वेळी ठाण्यात औपचारिक अटक दाखवून त्याच दिवशी मुचलक्यावर सोडण्यात आले. न्यायालय …, प्रकरण क्रमांक … मध्ये दिनांक … च्या आदेशाने मी सर्व कलमांतून दोषमुक्त झालो आहे. आज माझ्यावर कोणतेही प्रकरण प्रलंबित नाही. प्रमाणित प्रत व भाषांतर सोबत."

बस. भांडण कुणी सुरू केलं, चूक कुणाची होती, पोलिसांनी उगाच नाव घातलं, यातलं काहीही नको. ते वाचलं की समोरच्याला प्रश्न सुचतात. पत्र ईमेलने पाठवा आणि "मिळालं" एवढं उत्तर मागून घ्या. नंतर कुणी "लपवलं" म्हणालं तर तोच ईमेल दाखवायचा.

देवासनाका_ट्रान्सपोर्ट
कुठे अडतं आणि कुठे नाही, थोडक्यात. सिक्युरिटी गार्डला कायद्यानेच अडतं. 2005 च्या खासगी सुरक्षा एजन्सी कायद्याच्या कलम 10 प्रमाणे दोषी ठरलेल्या माणसाला गार्ड किंवा सुपरवायझर ठेवता येत नाही. निर्दोष सुटलेल्याला ती बंदी नाही. बँकेत बँकिंग रेग्युलेशन ॲक्टचं कलम 10: नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात दोषी ठरलेला चालत नाही. चोरी, फसवणूक, बनावट कागद त्यात येतात, गल्लीतली साधी मारामारी सहसा येत नाही. ॲपवरच्या टॅक्सीला केंद्राच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनांत गेल्या 7 वर्षांत दारू पिऊन गाडी चालवण्यात दोषी ठरलेला चालक नको असं होतं, चोरी-मारहाणीसारख्या दखलपात्र गुन्ह्यांनाही तेच; 2025 मध्ये त्यांच्या जागी नव्या सूचना आल्या. विमानतळाच्या आतल्या कामाला प्रवेशपत्रासाठी पोलीस व्हेरिफिकेशन, शाळेच्या बसलाही.

सांवेर रोड, पालदा, पिथमपूरच्या कारखान्यांत ठेकेदार आधार, बँक पासबुक, यूएएन (पीएफचा क्रमांक) आणि ईएसआयसी (कामगार विमा) क्रमांक मागतो. कोर्ट रेकॉर्ड क्वचित बघतात. सियागंज, क्लॉथ मार्केट, देवास नाक्याची गोदामं इथे ओळखीच्या माणसाचा शब्द चालतो. नंदानगर आयटीआयचं वेल्डर, फिटर, इलेक्ट्रिशियनचं प्रमाणपत्र असेल तर बोलणं हातातल्या कामावरच होतं.

लोकमान्यनगर_ताई
घटना घडली तेव्हा मुलगा 17 वर्षांचा असेल तर?

वकील_स्नेहलतागंज
ताई, मग बाल न्याय कायदा 2015 चं कलम 24. बाल न्याय मंडळापुढच्या प्रकरणामुळे पुढे कोणतीही अपात्रता लागत नाही, आणि अपिलाची मुदत गेल्यावर नोंदी नष्ट करायच्या असतात. अपवाद फक्त 16 ते 18 वयात जघन्य गुन्ह्यासाठी प्रौढासारखा खटला चाललेल्यांचा. ठाण्याच्या रजिस्टरात नाव तसंच राहिलं असेल तर मंडळाच्या आदेशाची प्रत जोडून वर सांगितलेलाच अर्ज द्या, विषयात कलम 24 लिहा.

खजराना_गल्फ
दुबई-कतारसाठी पासपोर्ट आणि पीसीसी (पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट) लागते. केस चालू असेल तर?

वकील_स्नेहलतागंज
केस चालू असताना ज्या कोर्टात ती आहे त्याच कोर्टाची परवानगी लागते, 25 ऑगस्ट 1993 च्या अधिसूचनेप्रमाणे. आदेशात मुदत लिहून घ्या. मुदत लिहिलेली नसेल तर पासपोर्ट एकाच वर्षाचा निघतो, आणि एवढ्यात व्हिसाचं काम होत नाही.

राजेंद्रनगरकर
कागद हातात आले. ऑर्डरशीटवर चौघांची नावं, चारही कलमं आणि "दोषमुक्त". चालानात गिरफ्तारी पंचनामा आहे, त्याच तारखेचा मुचलकाही आहे. म्हणजे दोषी: नाही. चालू केस: नाही. अटक: हो. बरोबर?

वकील_स्नेहलतागंज
बरोबर. तिसऱ्या रकान्यात 'हो' लिहून पुढे "तपशील सोबतच्या पत्रात" एवढंच लिहा. ऑनलाइन फॉर्ममध्ये तपशिलाला जागा नसेल तर सबमिट करण्याआधी एचआरला पत्र ईमेल करा आणि सबमिट केलेल्या फॉर्मचा स्क्रीनशॉट ठेवा. ठाण्याचा अर्ज याच आठवड्यात द्या. एजन्सीने चरित्र प्रमाणपत्र मागितलं तर तोवर नोंद झालेली असायला हवी.